गाजरावरचा आळ

सासूबाईंच्या घरात भाजीला देवाखालोखालचा मान होता. घरामागच्या एवढ्याशा तुकड्यात त्या वर्षभर काही ना काही पिकवायच्या आणि घरात लागून उरलेलं टोपलीत घालून कोपऱ्यावरच्या बाजारात विकायच्या. नवरा गेला तेव्हा मुलगा शाळेत होता. त्याला लहानाचा मोठा केला तो या तुकड्यानंच. नवऱ्याचं आणि भाजीचं मात्र उभ्या जन्मात पटलं नव्हतं. तळलेलं मांस, पाव आणि वर गोडमिट्ट चहा, एवढ्यावर तो माणूस जगला आणि ऐन उमेदीत छातीत कळ येऊन गेला. 'तेव्हा दोन घास बळंच भरवले असते तर' हे सासूबाई कोणाला बोलून दाखवत नसत. पण मुलाच्या ताटात भाजी वाढताना त्यांचा हात नेहमीच जरा सैल सुटायचा.

अशा घरात सून आली ती भाजी न खाणारी.

सून उंच क्रेनवर कामाला होती. बांधकामाच्या जागी जी ताडमाड क्रेन उभी असते, तिच्या माथ्यावरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून ती लोखंडाच्या सळ्यांच्या जुड्या आणि विटांचे ठोकळे या टोकाकडून त्या टोकाला नेऊन ठेवायची. खालची माणसं वॉकीटॉकीवरून सांगायची आणि ती एखादी बशी टेबलावर ठेवावी तसं ते धूड अलगद टेकवायची. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो बायकोला 'घार' म्हणायचा. "मी माणसं वर चढवतो, घार विटा चढवते," तो सांगायचा, "फरक एवढाच, विटा कटकट करत नाहीत."

सुनेचं पोट मात्र जन्माचं खोडकर. कधी फुगून ढोल व्हायचं, कधी मुरडा धरायचा, कधी दोन-दोन दिवस कुलूप आणि मग एखादे दिवशी नुसती धावाधाव. लग्नानंतर मुलानं तिला डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी झाली, दुर्बीण घालून आतडं बघून झालं. शेवटी डॉक्टर म्हणाले, जखम नाही, गाठ नाही, कसलाही रोग दिसत नाही. आतडं हळवं आहे. याला आयबीएस म्हणतात. जिवाला धोका नाही, पण त्रास खरा आहे. आहारतज्ज्ञ बाईंना भेटा.

हे सगळं मुलानं घरी येऊन आईला जसंच्या तसं सांगितलं. सासूबाईंच्या कानात त्यातलं एकच वाक्य राहिलं: कसलाही रोग दिसत नाही.

"म्हणजे मनाचे खेळ," त्या म्हणाल्या.

"मनाचे नाही गं आई, पोटाचेच. हळवं आतडं म्हणाले."

"आमच्या वेळी आतड्यांना हळवं व्हायला सवड नव्हती," सासूबाई म्हणाल्या आणि तो विषय त्यांच्यापुरता मिटला.

सून भात खायची, अंडं खायची, मासा खायची आणि संध्याकाळी मीठ-लोणी घालून कुस्करलेला बटाटा. ताटात भाजी वाढली तर तक्रार करायची नाही. नुसती ती कडेला सारायची, इतकी हळूच की कोणाला दिसू नये. पण ज्या बाईनं ती भाजी बी टाकण्यापासून वाढवली तिला कशी दिसणार नाही? एकदा सासूबाईंची धाकटी बहीण जेवायला आली होती. तिनं सुनेच्या ताटाकडे बघितलं, मग बहिणीकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई, तुझ्या हातचं सुनेला मानवत नाही वाटतं." बोलणं हसण्यावारी गेलं. पण सासूबाईंना ते कुसळासारखं रुतलं. त्यात सून दिवसेंदिवस ओढल्यासारखी दिसायला लागली होती, आणि तिच्या कडेला सारलेल्या भाजीकडे बघताना त्यांना नवऱ्याचं ताट आठवायचं. राग आणि काळजी यांचं असं काही गूळपीठ त्यांच्या मनात जमलं की कुठलं काय ते त्यांनाही उमगेना.

फ्लॉवर उकडून घोटला की तो बटाट्यात ओळखू येत नाही, ही गोष्ट त्यांना एका संध्याकाळी ओट्यापाशी उभं असताना सुचली. दोन्ही पांढरे. वर लोणी पडलं की वासही दबतो. पहिल्या दिवशी त्यांनी चमचाभर घातला. सून जेवली, भांडी घासली, झोपली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सून म्हणाली, पोट जरा जड वाटतंय, पण ते ती अधूनमधून म्हणायचीच. सासूबाई मनात म्हणाल्या, बघा, निघालं ना नाटक. हिला कळत नाही तोवर काही होत नाही. महिन्याभरात रंग चढेल तोंडावर, मग सांगेन हसत हसत, आणि तीही हसेल.

तेवढ्यात आहारतज्ज्ञ बाईंनी सुनेला नवी वाट दाखवली. त्या म्हणाल्या, भाज्या कायमच्या सोडून चालणार नाही, पण सगळ्या एकदम नकोत. एक भाजी घ्यायची, सोलून, मऊ शिजवून, थोडीशी. तीन दिवस बघायचं. मानवली तर ठेवायची, मग पुढची. मध्ये दुसरं काही नवीन खायचं नाही, नाहीतर कोणी दगा दिला ते कळत नाही. सुरुवात गाजरानं करा.

सुनेला गाजर लहानपणी फार आवडायचं. शाळेतून येताना कच्चंच खायची म्हणे. त्या संध्याकाळी तिनं स्वतः गाजर सोललं, चकत्या केल्या, पाण्यात मऊ शिजवल्या आणि ताटात बटाट्याशेजारी मांडल्या. "आई, बघा, तुमच्या बागेतलं खातेय," ती म्हणाली. तिच्या आवाजात परीक्षेला बसणाऱ्या मुलीचा आनंद होता.

सासूबाईंनाही आनंदाचं भरतं आलं. एवढं मनावर घेतलंय पोरीनं, तर आपणही हात आखडता का घ्यावा? सून गाजर काढायला बागेत गेली तेव्हाच त्यांनी बटाट्यात निम्म्याला निम्मा फ्लॉवर घातला होता. आणि चव यावी म्हणून एक कांदा उकडून, घोटून, त्यातच.

दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत दार वाजलं. सून दारात उभी होती. अंगात कोणाची तरी ढगळ पँट, पायाशी दुमडलेली, कमरेला दोरीनं बांधलेली. हातात गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी. तोंड पांढरंफटक.

"काय झालं गं?"

"काही नाही," सून म्हणाली आणि थेट न्हाणीघरात गेली.

आतून पाणी पडत राहिलं, बराच वेळ. सासूबाई दाराबाहेर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, कपडे ठेव, मी धुते. आतून उत्तर आलं, "नको आई. तुम्ही नाही धुवायचे हे." मग पाण्याच्या आवाजाखाली त्यांना रडणं ऐकू आलं.

हकिगत कळली ती संध्याकाळी, सून आपल्या नवऱ्याला सांगत असताना. सळ्यांची जुडी हवेत होती तेव्हा पोटात कळ उठली. ओझं अधांतरी सोडून उतरता येत नाही. घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी तिनं ती जुडी जागेवर टेकवली, खालच्यांनी आकडा सोडवला, मग ती शिडीला लागली. एवढी उंच शिडी, लोखंडी, सरळसोट. निम्म्या वाटेवर तिचं शरीर तिचं राहिलं नाही. खाली सगळी माणसं वर बघत उभी होती, कारण क्रेनवाली मध्येच उतरली म्हणजे काहीतरी बिघडलं असणार. एका म्हाताऱ्या गवंड्यानं सगळ्यांना हाकललं आणि आपली जादा पँट तिच्या हातात ठेवली.

"कोणी हसलं नाही," सून म्हणाली. "हसले असते तर बरं झालं असतं."

नवरा तिचा हात धरून बसला होता. "कशानं झालं असेल?"

"कशानं म्हणजे? नवीन एकच तर खाल्लं. गाजर."

सासूबाई ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. धुतलेलीच पातेली त्या पुन्हा पुसत होत्या. त्यांच्या मानेवरून पाण्याचा थेंब ओघळावा तसं काहीतरी थंड खाली गेलं. बोलावं असं वाटलं. आत्ता नको, त्यांनी मनाशी म्हटलं, आत्ता पोर दमलीय.

त्या दिवसापासून बटाट्यात बटाटाच राहिला. आणि घडलं असं की सुनेचं पोट दोन-तीन दिवसांत शांत झालं. ती म्हणाली, "बघा, गाजर सोडलं आणि बरं वाटलं." मुलानं मान हलवली. सासूबाईंनी आपलं ताट उचललं आणि ते तसंच मागच्या बागेत नेऊन ओतलं.

कामावर सुपरवायझर चांगला माणूस होता. त्यानं रागावून काही केलं नाही, म्हणून तर काही बोलताही येईना. तो म्हणाला, तब्येत ठीक होईपर्यंत खाली राहा, फाटकावर बस, ट्रक येतील-जातील त्यांच्याकडे बघ. वरती दुसऱ्या साइटवरचा माणूस आणून बसवला. सून फाटकावर बसायला लागली. तिचा भाजीवरचा उरलासुरला विश्वास उडाला. गाजरासारखं गरीब गाजर जर असं करतं तर दुसऱ्या कोणाचा भरवसा धरायचा? मग मासाही नको वाटायला लागला. नुसता भात आणि अंडं. कधी नुसताच भात. तिचं तोंड आलं, केस गळायला लागले, जिना चढताना ती कठड्याला धरून थांबायला लागली. उंचावरून सगळं बघणारी मुलगी आता घरातही खाली मान घालून चालायची.

आहारतज्ज्ञ बाईंकडे पुन्हा जायचं ठरलं तेव्हा मुलाला कुठल्याशा इस्पितळातली अडकलेली लिफ्ट सोडवायला जावं लागलं. "आई, तू जा तिच्याबरोबर," तो म्हणाला. सासूबाई गेल्या.

खोली लहान होती. टेबलावर प्लॅस्टिकच्या खोट्या भाज्या मांडलेल्या, त्यात एक फ्लॉवरही होता. सासूबाई त्याच्याकडे बघायचं टाळत बसल्या. सुनेनं सगळं सांगितलं, शिडीचंसुद्धा, नजर न चुकवता. बाई ऐकत होत्या आणि त्यांच्या कपाळावर आठी होती.

"मला जरा नवल वाटतंय," त्या म्हणाल्या. "शिजवलेलं गाजर, तेही एवढंसं. गाजरानं सहसा असं होत नाही. त्या दिवशी ताटात आणखी काय होतं?"

"बटाटा. तो रोजचाच. आई करतात, नुसतं मीठ आणि लोणी." मग ती वळली. "हो ना आई?"

सुनेचा चेहरा अगदी जवळ होता. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, फुटलेले ओठ. त्या नजरेत संशयाचा लवलेश नव्हता. नुसतं एखाद्यानं घड्याळात किती वाजले विचारावं, तसं विचारणं होतं.

"हो," सासूबाई म्हणाल्या. "नुसतं मीठ आणि लोणी."

बाईंनी सुस्कारा टाकला. म्हणाल्या, प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं, तर मग सध्या गाजर बंद, इतर भाज्याही काही महिने थांबवू, पोटाला विसावा देऊ.

घरी येताना सून सासूबाईंचा हात धरून रस्ता ओलांडत होती. गाड्यांची गर्दी होती म्हणून. सासूबाईंना वाटलं, हा हात आपण झटकून टाकावा, आपली लायकी नाही. फ्लॉवर घातला तेव्हा अक्कल गहाण पडली होती, असं तरी म्हणता येत होतं. आज काय गहाण पडलं होतं? आज तर सगळं कळत होतं. एका 'नाही'नं त्या पोरीची भाजी परत मिळाली असती, आणि आपण आपलं तोंड वाचवलं.

त्यानंतर त्यांचं चित्त कशातच लागेना. बागेत फ्लॉवरचे गड्डे भरले होते. त्यांनी ते काढले नाहीत, ते पिवळे पडून फुटले. बाजारात एक गिऱ्हाईक म्हणालं, गाजरं गोड आहेत ना हो, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते गिऱ्हाईक बिचारं गोंधळून दोन जुड्या जास्तच घेऊन गेलं.

मग एका सकाळी न्याहारी करताना सून सहज म्हणाली, "मी आज सुपरवायझरना सांगणार आहे, मला फाटकावरच कायम करा. वरती आता नको."

मुलगा म्हणाला, "घारे, एवढी घाई कशाला?"

"घाई कसली. ज्या पोटाचा भरवसा नाही ते घेऊन वर चढायचं म्हणजे खालच्यांच्या जिवाशी खेळ." ती उठली, भाताचा डबा पिशवीत टाकला आणि गेली. मुलगाही हत्यारांची पेटी घेऊन गेला.

सासूबाई रिकाम्या स्वयंपाकघरात बसून राहिल्या. मग त्यांनी चपला पायात सरकवल्या, दाराला कडी घातली आणि निघाल्या. त्या साइटवर यापूर्वी कधीच गेल्या नव्हत्या. वाट विचारावी लागली नाही. क्रेन सगळ्या गावाच्या डोक्यावर दिसत होती.

फाटकाशी पत्र्याची खोली होती. जेवणाची सुट्टी झाली होती आणि सून एकटीच बसून भात खात होती. सासूबाईंना बघून ती दचकून उठली. "आई? घरी काही झालं का?"

"कोणाला काही झालं नाही. तू सांगितलंस का सुपरवायझरना?"

"अजून नाही. ते बाहेर गेलेत."

"मग सांगू नको." सासूबाईंना धाप लागली होती. स्टूल दिलं तरी त्या बसल्या नाहीत. "गाजराचा काही दोष नाही. मी बटाट्यात फ्लॉवर घालत होते. घोटून. तुला कळू नये म्हणून."

सुनेच्या हातातला चमचा डब्यात राहिला. बाहेर एक ट्रक मागे येत होता, त्याची पिपाणी वाजत राहिली. ती थांबल्यावर सुनेनं डबा खाली ठेवला.

"कधीपासून?"

"त्याच्या आठवडाभर आधीपासून. आधी चमचा-चमचा. त्या दिवशी निम्मा."

"आणखी काय?"

"कांदा. एक अख्खा."

"कांदा," सून हळूच म्हणाली. लहानपणापासून कांद्याच्या नुसत्या घासानं तिचं काय व्हायचं ते तिनं या घरात आल्या आल्या सांगितलं होतं.

"मला वाटलं, तू उगाच करतेस. वाटलं, अंगी लागेल. तुझ्या सासऱ्यांना मी कधी..." सासूबाई थांबल्या. मेलेल्या माणसाला मध्ये घालून आपण सुटका शोधतोय, हे त्यांचं त्यांनाच कळलं. "नाही. मला माझं खरं करून दाखवायचं होतं. एवढंच."

सून उभीच होती. ती रडली नाही, ओरडली नाही. "त्या बाईंच्या खोलीत मी तुमच्याकडे बघून विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"फ्लॉवरचं मी समजू शकते, आई. म्हणजे आज नाही, पण कधीतरी समजेन. तुम्हाला ठाऊक नव्हतं. पण त्या खोलीत तुम्हाला ठाऊक होतं."

सासूबाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. सुनेनं डब्याचं झाकण लावलं. "तुमच्या मुलाला तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार," ती म्हणाली आणि ट्रकवाला हॉर्न वाजवत होता म्हणून फाटक उघडायला गेली.

मुलाला त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, हत्यारांची पेटी तिथेच टाकली आणि बाहेर निघून गेला. त्यानंतर कित्येक दिवस तो आईशी कामापुरतंच बोलायचा, आणि ते 'कामापुरतं'ही इतकं सभ्य की सासूबाईंना त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. सून बोलायची, नेहमीसारखी, पण आपलं जेवण स्वतः करायला लागली. कामावरून येऊन, दमलेली असताना, वेगळ्या पातेल्यात. सासूबाई ओट्यापासून बाजूला व्हायच्या. मदतीला हात पुढे करायचा मोह व्हायचा तो त्या पदराखाली आवळून धरायच्या.

आहारतज्ज्ञ बाईंकडे सून एकटीच जाऊन आली. पहिल्यापासून सुरू झालं. आधी गाजर, सुट्टीच्या आदल्या दिवशी, एवढंसं, मऊ. ती रात्र सासूबाईंनी कान देऊन काढली, न्हाणीघराची कडी वाजतेय का म्हणून. वाजली नाही. मग कोवळ्या शेंगा. मग सोललेला, बिया काढलेला दुधी. पालक मानवला. कोबीचं जमलं नाही, ती हसून म्हणाली, "हा मात्र खरा गुन्हेगार." सावकाश चावून, थोडं-थोडं, कच्चं टाळून, ती भाजी खायला शिकली. तिच्या गालांवर हळूहळू रंग आला. सासूबाईंनी महिन्याभरात चढवायचा ठरवला होता तोच रंग, पण त्यात त्यांचा हात नव्हता. होता तो फक्त उशीर होण्यात.

ती पुन्हा क्रेनवर गेली तेव्हा मुलानं घरी येऊन आईला सांगितलं, "घार वर गेली आज." त्या दिवसापासून तो थोडा मऊ झाला.

आणि मग एका संध्याकाळी सून ताप घेऊनच घरी आली. पांघरूण घेऊन पडली. मुलगा अजून यायचा होता. बऱ्याच वेळानं तिनं आतून हाक मारली, "आई, मला थोडा दुधी उकडून द्याल?"

सासूबाई उठल्या. त्यांनी नवं पातेलं घासून घेतलं, सुरी दोनदा धुतली. कांद्याची टोपली उचलून बाहेर पडवीत नेऊन ठेवली. दुधीची साल काढली, बिया काढल्या, मीठ घातलं. आणखी काही नाही. झाकणही ठेवलं नाही, येता-जाता कोणालाही दिसावं म्हणून.

सून उठून आली. पातेल्यापाशी थांबली, चमचा घेतला आणि तळापासून एकदा फिरवला. ढवळून बघितलं याचं सासूबाईंना काही वाटलं नाही. पण ढवळताना तिनं त्यांची नजर चुकवली, जशी काही चोरी तिनंच केली होती. ते मात्र त्यांना सोसवेना.

"नीट बघ," त्या म्हणाल्या. "पार तळापर्यंत. दर वेळी बघत जा. मला त्यात काही वाटणार नाही."

सुनेनं वाटीत दुधी वाढून घेतला, टेबलाशी बसली आणि सावकाश, एकेक घास चावत खायला लागली. सासूबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या.

"पुढच्या वेळी जरा कमी शिजवा," निम्मी वाटी संपल्यावर सून म्हणाली. "अगदीच गाळ झालाय."

"बरं," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी गॅस बंद केला.